थोरलीचा घाम

"आला! आला! आईले घाम आला!"

कलाबाईंच्या बैठकीतून आरोळी उठली आणि ओट्यावरचा चपलांचा ढीग तुडवत अख्खी गल्ली आत घुसली. कोणी हात जोडले, कोणी मोबाइल वर धरला, एका बाईच्या अंगात यायची तयारी झाली. मी अकरा महिन्यांच्या हिमानीला कडेवर घेऊन उंबऱ्यातच अडकले होते. तिथूनही स्पष्ट दिसत होतं. जरीची पातळं नेसून दोन्ही महालक्ष्म्या उभ्या होत्या, थोरली आणि धाकटी. थोरलीच्या पितळी कपाळावर टपोरे थेंब आले होते. एक थेंब ओघळला, नथीपाशी थांबला आणि टपकन तिच्या गळ्यातल्या हारावर पडला.

"पाहा! डोळे असतीन तर पाहा!" उत्तम महाराजांनी दोन्ही हात पसरले. पांढरं धोतर, गळ्यात स्फटिकाची माळ, आवाज रेल्वे फलाटावर पोचेल असा. "आई तपून राहिली. कोनासाठी? या लेकरासाठी! पोरीच्या अंगातला अंगार आईनं आपल्या अंगावर ओढला. आता इचारा तुमच्या सायन्सवाल्याइले, पितळेले घाम येते का?"

"नाई येत!" गर्दी म्हणाली.

"आनि मंग हे काय आहे?"

"आईचा चमत्कार!"

खरंच, पितळेला घाम येत नाही. फ्रिजमधून काढलेल्या पाण्याच्या बाटलीलाही येत नाही. तरी तिच्या अंगावर थेंब दिसतातच की. ते तेव्हाच माझ्या मनात आलं होतं. पण मी गप्प बसले. आम्ही कलाबाईंच्या शेजारी भाड्यानं राहतो, हिमानी किरकिरत होती, सणासुदीचा दिवस होता, आणि त्यांच्या यजमानांच्या, भैय्याजींच्या घरात मोठ्यानं बोलण्याची पद्धत नाही. शाळेत विज्ञान शिकवणारी बाई होते मी, हिमानी पोटात असेपर्यंत. आता तिला दूध पाजून, घरी निजवून मी हे लिहायला बसते तेव्हा त्या संध्याकाळचं माझं गप्प राहणं आधी आठवतं, महाराज मागाहून.

देवीसमोर सतरंजीवर प्रणालीची शिवानी पडली होती. सहा वर्षांची. तीन दिवसांपासून ताप होता. प्रणाली म्हणजे भैय्याजी आणि कलाबाईंची सून, माझी रोजची मैत्रीण. तिचा नवरा वीरेंद्र भोपाळला नोकरीत, त्यामुळे घरात शब्द चालायचा तो सासऱ्याचाच. आणि सासऱ्याच्या मनात तेव्हा महाराज बसले होते. गोळ्या बंद, दवाखाना बंद. थोरलीच्या कपाळाचं पाणी कापसानं टिपायचं, पोरीच्या ओठांवर पिळायचं. हे तीर्थ. उरलेलं तीर्थ लहान लहान शिश्यांतून गल्लीत जाऊ लागलं, आणि त्याच रात्री भैय्याजींच्या दारात चारचाक्या लागल्या. पांढुर्ण्यात संत्र्याचा एवढा मोठा आडत्या, पण त्यांच्या दारात एवढ्या गाड्या संत्र्याच्या हंगामातही पाहिल्या नव्हत्या.

"धाकटीले काऊन नाई आला घाम?" मागून प्रतिभाबाईंनी विचारलं. प्रतिभाबाई अंगणवाडीतून रिटायर झालेल्या. साऱ्या गल्लीची पोरं त्यांनीच वजनकाट्यावर टांगलेली.

महाराज हसले. "थोरली दुखनं घेते, धाकटी घर सांभाळते. तुमच्या घरी दोघी सुना एकच काम करतात का, माय?"

सगळे हसले. प्रतिभाबाई नाही हसल्या. त्या महाराजांच्या तोंडाकडे बघत राहिल्या, कुठं तरी पाहिलंय म्हणून आठवत असल्यासारख्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चमत्कार पुढची पायरी चढला. पडदा लावून महाराजांनी 'एकांत आरती' केली. आत फक्त भैय्याजी. त्याआधी भैय्याजी मागच्या दारानं संत्र्याचं एक क्रेट आत घेऊन गेले होते, वर गवत झाकलेलं. आडत्याच्या घरात क्रेट कोण बघतं? अर्ध्या तासानं पडदा सरकला आणि बायकांच्या तोंडून "व माय!" एवढंच निघालं. थोरलीच्या गालांवर, हनुवटीवर पांढरी भुरभुर जमली होती. पिठीसाखर भुरभुरवावी तशी.

"विभूती!" महाराज गरजले. "कैलासाची विभूती! हात लावा, हात लावा, भेव नका."

कलाबाईंनी बोट लावलं. पांढरं नाहीसं झालं, बोट ओलं झालं.

"विभूतीचं तीर्थ झालं! जगात कुठी पाहिलं?"

मी पाहिलं होतं, माझ्याच घरी, फ्रिजच्या वरच्या कप्प्यात, पण हे लक्षात यायला दुपार व्हावी लागली.

दुसरा दिवस जेवणावळीचा. आमच्याकडे महालक्ष्मीच्या जेवणाला सोळा भाज्या, पुरण, कढी, आंबील, वडे, पडवळ असा थाट असतो, आणि पहाटेपासून तीन शेगड्या थांबत नाहीत. मी हिमानीला पाठीशी ओढणीनं बांधून प्रणालीच्या मदतीला गेले. स्वयंपाकघरात वाफेनं समोरचं माणूस दिसेना. भाद्रपदातली दमट हवा, बाहेर आभाळ भरलेलं, आत साठ पानांचा स्वयंपाक. आम्हा सगळ्याजणींच्या पाठी भिजून पोलकी अंगाला चिकटली होती.

प्रणाली पुरण घोटत होती, पण डोळे बैठकीकडे. "वंदनाताई, ताप उतरला तिचा," ती म्हणाली. "सकाळपासून अंग थंड आहे. महाराज म्हनाले आईनं घेतला ताप."

"मग तू रडून काऊन राहिली?"

"मले काय मालूम. ती बोलून नाई राहिली माह्याशी. पोट दुखते म्हनते. दोनदा ओकली."

माझ्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. मी बैठकीत गेले. शिवानी एका कुशीवर पडली होती. तिचे तळहात धरले. गार, ओले, चिकट. पायही तसेच. ओठ सुकलेले. मी हाक मारली तर तिनं डोळे उघडले, त्रासल्यासारखे मिटले.

"काकू, हिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायला पाहिजे," मी कलाबाईंना म्हटलं.

"अवं, ताप तर उतरला!"

"ताप उतरला आणि हात गार पडले, पोट दुखतंय, ओकतेय. हे बरं होणं नाही, काकू. डेंगू असेल तर हीच वेळ धोक्याची असते."

महाराज पुढे आले. आवाजात गूळ. "ताई, शिकल्या-सवरल्या आहात. पन आईचं काम अर्ध्यात हाय. उद्या विसर्जन होईपर्यंत पोरगी उंबऱ्याबाहेर गेली, तर ओढलेला ताप आई परत ढकलन. दुप्पट. मंग जबाबदारी तुमची?"

कलाबाई मागे सरल्या. भैय्याजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "एका दिवसाचा तं सवाल आहे."

एका दिवसाचाच! ते गार पडलेले हात मी सोडले नव्हते, आणि माझ्या पाठीवर माझं लेकरू माझ्या मानेवर श्वास सोडत होतं, ऊन ऊन. मला आयुष्यात कधी इतका राग आला नव्हता. मी पाणी आणायला स्वयंपाकघराकडे वळले, खरं तर ओरडू नये म्हणून वळले, आणि थोरलीसमोर माझा पाय ओल्यात पडला. कोठीच्या बुडाशी पाणी पसरत होतं. रांगोळीचं एक पाऊल वाहून गेलं होतं. मी वाकले, बोट लावलं, आणि का कोण जाणे, जिभेला लावलं.

खारट. नुसतं खारट नाही, तोंड वाईट होईल असं.

इथं आमच्या घरांतली एक रीत सांगायला हवी. महालक्ष्मीचं धड म्हणजे पत्र्याची कोठी. घरची सून मापानं मोजून तिच्यात गहू भरते, काठोकाठ, वर पोकळ मुखवटा बसवते आणि मग पातळ नेसवते. एकदा मुखवटा बसला की विसर्जनापर्यंत तो हलवायचा नाही. हात लागला तर घराचं वाटोळं होतं म्हणतात. म्हणून कोठीच्या आत तीन दिवस कोणीही बघत नाही. ज्याला काही लपवायचं असेल त्याला यापेक्षा चांगली जागा साऱ्या जिल्ह्यात मिळायची नाही.

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पोतं उभं होतं. सुतळीनं बांधलेलं, वर हळदीकुंकवाची बोटं.

"प्रणाली, हे गहू कशाचे?"

"कोठीचे." ती पोत्याकडे न बघता पुरण घोटत होती. "धाकटीचे मी भरले. थोरली महाराज बसवतो म्हनाले. शिवानी तापली होती, मी तिच्यापाशीच होती."

"मग थोरलीचे गहू इथं काऊन आहेत?"

प्रणालीनं पोत्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. हातातला पुरणाचा चाटू तिनं खाली ठेवला, हात पदराला पुसले, आणि तडक बैठकीत गेली. मी मागोमाग. तिला काय करायचंय हे मला कळलं तेव्हा ती पोचलीही होती. दोन्ही हातांनी तिनं थोरलीचा मुखवटा धरला.

"सूनबाई!" भैय्याजी ओरडले.

"अनर्थ!" महाराज ओरडले. "हात जळतीन!"

"गारठून राहिले," प्रणाली म्हणाली, आणि मुखवटा उचलला.

आतून गव्हाचा एक दाणा निघाला नाही. निघाली बर्फ भरलेली एक जाड प्लॅस्टिकची थैली, मुखवट्याच्या पोकळीत दाबून बसवलेली, आणि खाली कोठीभर बर्फ, त्यात पांढरे खडे. प्रणालीनं थैली ओढली तशी ती फाटली आणि बर्फ, खडेमीठ, गढूळ पाणी असं सगळं देवीच्या पातळावरून, रांगोळीवरून, पुढं बसलेल्या बायकांच्या मांडीपर्यंत वाहत आलं.

बर्फाचे तुकडे फरशीवरून घरंगळत उंबऱ्यापर्यंत गेले. धाकटी तिच्या गव्हावर कोरडी ठाक उभी होती.

महाराज मात्र गडी सराईत. त्यांनी श्वास घेतला आणि हात वर केले. "पाहा! आईनं धान्याचं हिम केलं! गव्हाचा बरफ! बोला..."

आणि सांगायला लाज वाटते, पण चार जणांनी "जय" म्हटलंही.

"मंग मिठाची थैली बी आईनंच आनली का किराण्यातून?" प्रतिभाबाई उभ्या राहिल्या होत्या. "आता आठवला मले तू. तिगावच्या टेसनावर कुल्फी विके. डोक्यावर मटका, मटक्यात बरफ न् मीठ. माह्या नातवाले खोटे पैशे परत देल्ले होते तूनं. तेव्हाचा महाराज आहेस का, का मागून झाला?"

कोणीतरी हसलं. मग एकदम पाचपन्नास लोक बोलायला लागले. त्या गलक्यात भैय्याजींचा आवाज ऐकू आला तो फक्त जवळच्यांना. "बरफ मीच आनला. क्रेटमधी. ते म्हनाले आईले थंड बसवाची, तिच्या जिवाची तलखी व्हते, विधी आहे, कोनाले सांगाचं नाई. मीच आनला." एवढा हिशेबी माणूस. बर्फ त्यांनी स्वतःच्या हातानं ठेवला होता, थेंब स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते, आणि दोन दिवसांत एकदाही या दोन गोष्टी शेजारी शेजारी मांडून बघितल्या नव्हत्या.

"मामाजी," प्रणालीनं शिवानीला उचललं होतं. ओल्या बर्फातून ती चालत आली. ज्या सासऱ्यासमोर तिनं कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, त्याच्यासमोर उघड्या डोक्यानं उभी राहिली. "गाडी काढा."

त्यांनी काढली.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी शिवानीची नाडी बघितली, नखावर दाबून बघितलं आणि आम्हाला काही विचारायच्या आत सलाइन लावलं. "कितवा दिवस? ताप कधी उतरला?" सकाळी, म्हटलं. "आणि तुम्हाला वाटलं बरी झाली." त्या रागावल्या नव्हत्या, थकल्या होत्या. "डेंगूत ताप उतरतो तेव्हाच काही लेकरांच्या नसांतून पाणी बाहेर झिरपायला लागतं. रक्त घट्ट होतं, नाडी बसते. आणखी दोन-तीन तासांनी आणली असती तर मी काही बोलू शकले नसते." संध्याकाळी अ‍ॅम्ब्युलन्सनं तिला नागपूरला हलवलं. वीरेंद्र भोपाळहून थेट तिथंच पोचला.

म्हणजे बघा. एकीकडे पितळेच्या अंगावर पाणी जमत होतं आणि अख्खी गल्ली हात जोडून उभी होती. दुसरीकडे एका पोरीच्या अंगातलं पाणी थेंबाथेंबानं तिला सोडून जात होतं, आणि तिच्याकडे बघायला कोणाला सवड नव्हती. उत्तम महाराज त्या गर्दीतून कधी सटकले ते कळलं नाही. स्फटिकाची माळ तेवढी ओट्यावर सापडली. प्लॅस्टिकची होती.

आठव्या दिवशी शिवानी घरी आली. गाल बसलेले, पण तोंड चालू. मी भेटायला गेले तेव्हा कलाबाई स्वयंपाकघरात एकट्या बसल्या होत्या.

"वंदना, मले एक सांग," त्या म्हणाल्या. "बरफ आत होता. थैली बांधलेली. मंग आईच्या कपाळावर पानी कुठून आलं? पितळेतून गाळून तं आलं नसन."

साऱ्या गल्लीत हा प्रश्न विचारणाऱ्या त्या पहिल्या. मी दोन स्टीलचे पेले मागितले. एकात माठातलं पाणी, एकात बर्फ. पेल्यांचा आवाज ऐकून आत आलेल्या शिवानीनं लगेच त्यांना नावं दिली, "ही धाकटी, ही थोरली." शेगडीवर भात शिजत होता. दोन मिनिटांत थोरलीवर थेंब. धाकटी कोरडी.

"चाखून बघा, काकू."

त्यांनी बोट लावलं. "काहीच चव नाई."

"कारण हे आतलं नाहीच. आतलं खारट होतं ते खाली गळत होतं. हे हवेतलं पाणी आहे. भातातून वाफ निघते ती कुठं जाते? हवेत. दिसत नाही, पण असतेच. पाण्याची वाफ व्हायला ऊब लागते, ती शेगडीची असो नाही तर आपल्या अंगाची. म्हणून घाम वाळला की गार वाटतं. तो जाताना आपली ऊब घेऊन जातो. हीच वाफ गार पितळेला लागली की ती ऊब पितळेला देऊन टाकते आणि पुन्हा पाणी होते. आभाळात ढग होतात तेही असेच. तिकडे वर गार हवा आहे, इथं गार पितळ होतं, एवढाच फरक. आतला बर्फ ती ऊब पिऊन वितळत राहतो, आणि आहे तोवर पितळ गारच राहतं."

मी बर्फात मूठभर खडेमीठ टाकून ढवळलं. मीठ पडलं की बर्फ नुसता वितळत नाही, आणखी गार होतो, पाणी गोठतं त्याच्याही खाली. कुल्फीवाल्याचं सगळं दुकान यावर चालतं. थोड्या वेळानं पेल्याच्या बाहेर पांढरी भुरभुर धरली.

"विभूती!" शिवानी टाळ्या पिटत ओरडली आणि बोटानं त्यावर एक वाकडातिकडा 'शि' काढला.

कलाबाई हसल्या नाहीत. त्या त्या पेल्याकडे बघत होत्या. "म्हंजे त्या दिशी आईच्या कपाळावर जे होतं..."

"पहिल्या संध्याकाळी गल्लीभराच्या अंगाची वाफ, दुसऱ्या दिवशी तुमच्या पुरणाची, काकू. कढीची, आंबिलीची. साठ माणसांचे श्वास. आणि पहाटे तीनपासून त्या शेगड्यांशी उभ्या होत्या त्या बायकांचा घाम. तुमचा, प्रणालीचा, माझा. तोच उडाला आणि तोच थोरलीवर जाऊन बसला."

"आमचा घाम." त्या हळूच म्हणाल्या. मग एकदम लाल झाल्या, जन्मात त्यांना इतक्या रागात पाहिलं नव्हतं. "आमचाच घाम कापसानं टिपून आमच्याच पोरीच्या तोंडात पिळला त्या मुडद्यानं! आनि मी हात जोडून उभी!"

यंदा त्यांच्याकडे महालक्ष्म्या पुन्हा बसल्या. कोठ्या भरल्या त्या भर बैठकीत, दार उघडं ठेवून. पहिलं माप शिवानीनं ओतलं, अर्धे गहू खाली सांडले. भैय्याजींनी वाकून एक एक दाणा वेचला. दोघीही तिन्ही दिवस कोरड्या राहिल्या आणि कोणाचं काही अडलं नाही.

ऐकते आहे की सौंसरकडे कुठल्याशा देवळात आता देवाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आहे. माणूस तोच की दुसरा, मला माहीत नाही. बर्फ तर कुठंही मिळतो. म्हणून हे लिहिलं. देवाला नमस्कार करायचा असेल तर करा, मी कोण अडवणारी? पण तुमच्या गावात पितळेला घाम फुटला, दगड रडायला लागला, तर घरातलं आजारी लेकरू आधी दवाखान्यात पोचवा. मग परत या. दुसरी कोरडी का, ते विचारा. फरशीवरचं पाणी चाखा. मुखवटा उचला, आत हात घाला. देवी रागावणार नाही. रागावलीच, तर तिला माझं नाव सांगा.